१२ए चं पोळं आणि ग्रेपव्हाइनचा घाट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी १९८४ ची माझदा आरएक्स-७, इंजिन १२ए, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं रोटरी, कार्ब्युरेटरवालं. चार महिन्यांपूर्वी घेतली. फ्रीमाँटमध्ये ऑफिसला नेता-आणता तापमानाचा काटा कधी निम्म्यावर जात नाही, ट्रॅफिकमध्येसुद्धा नाही. पण ऑगस्टमध्ये आय-५ ने लॉस एंजलिसकडे जाताना ग्रेपव्हाइनच्या चढावर काटा लाल पट्टीजवळ गेला, आणि खिंड ओलांडून उतार लागल्यावर आपोआप खाली आला. घरी आल्यावर कूलंटच्या बाटलीत तपकिरी तेलकट साय दिसली, आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली ताकासारखा पांढुरका फेस. एक जण म्हणतो इंजिन गेलं, दुसरा म्हणतो समोर मोठा ऑइल कूलर लाव, सगळं बरं होईल.

दोघांचंही ऐकू नका, निदान या आठवड्यात तरी. तुम्ही सांगितलेल्या तीन खुणांपैकी एक घाबरण्यासारखी नाही, एक रेडिएटरकडे बोट दाखवते आणि एक बहुतेक ऑइल कूलरकडे. इंजिन गेल्याची खूण यात अजून एकही नाही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं खोलत हे काम शिकलो आणि गेली वीसेक वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या गाड्या करतो. त्यात रोटरी बऱ्याच. पिस्टनच्या इंजिनावर हात बसलेल्या माणसाची रोटरीत एकच मोठी फसगत होते, तो तेलाला फक्त वंगण समजतो. इथे तेल हे दुसरं पाणीच आहे. रोटर म्हणजे आतून पोकळ, बिडाचा तिकोनी ठोकळा. पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही, ते बाहेरच्या हाउसिंगमधून फिरतं. रोटरला गार करायला मधल्या शाफ्टमधल्या बारीक जेटमधून त्याच्या पोटात तेलाचा फवारा मारलेला असतो. ते तेल रोटरची उष्णता घेऊन खाली तेलाच्या चेंबरमध्ये (ऑइल पॅनमध्ये) पडतं. इंजिन जी उष्णता पाण्याला आणि तेलाला देतं, तिचा साधारण तिसरा हिस्सा तेलाच्या वाट्याला येतो असं धरून चाला. म्हणून रोटरीत ऑइल कूलर ही शौकाची वस्तू नाही, माझदाने तो पहिल्यापासूनच दिला होता.

हाउसिंगची गोष्ट निराळी. पिस्टनच्या इंजिनात एकाच जागी गार हवा येते आणि त्याच जागी स्फोट होतो, त्यामुळे धातूला आळीपाळीने शेक आणि थंडावा मिळतो. रोटरीत स्फोट कायम स्पार्क प्लगच्या बाजूलाच होतो आणि गार मिश्रण कायम दुसऱ्या बाजूला आत येतं. एक कड सतत भाजते, दुसरी सतत गार. त्यात रोटरच्या भोवतीचं हाउसिंग अॅल्युमिनियमचं आणि दोन्ही अंगांच्या प्लेटी बिडाच्या. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ही सगळी चळत लांब बोल्टनी आवळलेली, आणि मध्ये पाणी अडवायला रबराच्या बारीक सिली. इंजिन एकदा नीट तापलं की त्या सिली चेपतात, कडक होतात, आणि मग पाणी आत जायला लागतं. तुमच्या १२ए मध्ये सीलची खाच अॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये आहे (१९८६ पासून माझदाने ती बिडाच्या प्लेटीत नेली). खाचेची पातळ भिंत नुसतं नळाचं पाणी घातल्याने खाल्ली जाते. आधीच्या मालकाने काय घातलं होतं ते विचारून ठेवा.

आता तुमच्या गाडीतलं पोळं. १९७९ ते ८२ च्या आरएक्स-७ ला ऑइल कूलर समोर, रेडिएटरच्या खाली, हवेवर गार होणारा. १९८३ ते ८५ च्या १२ए गाड्यांना तो काढून ऑइल फिल्टरजवळ एक गोल, कंगोऱ्यांचा डबा बसवला, ज्याला इथे सगळे पोळं म्हणतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो म्हणून. त्याच्या पोटात एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने इंजिनचं पाणी, मध्ये पातळ पत्रा. त्याच काळातल्या जीएसएल-एसई ला, म्हणजे जास्त ताकदीच्या १३बी इंजिनच्या गाडीला, मात्र समोरचाच कूलर राहिला. यावरून काय ते समजा.

पोळं अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. थंडीत पाण्यामुळे तेल लवकर कोमट होतं आणि समोरपर्यंत जाणाऱ्या लांब होज नाहीत म्हणून गळतीही नाही. रोजच्या हलक्या फिरण्याला ते चालतं. अडचण हिशोबाची आहे. पोळं उष्णता बाहेर टाकत नाही, फक्त तेलातून काढून पाण्यात ढकलतं. म्हणजे तेलाचं ओझंसुद्धा शेवटी त्याच एका रेडिएटरवर. रेडिएटर नवा असताना तो दोन्ही ओझी उचलत होता. चाळीस वर्षांनी त्याच्या निम्म्या नळ्या बुजल्या असतील तर सपाटीवर कळत नाही, घाटात कळतं. ग्रेपव्हाइनवर एसी बंद करा म्हणून पाट्या लावलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या उगाच नाहीत. सॅन होकीन खोऱ्याच्या तापलेल्या सपाटीवरून गाडी थेट बाराशे मीटरहून उंच तेहोन खिंडीत चढते, आणि तेही हायवेच्या वेगाने.

ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेवर गार होते त्या गाडीत फॅन बघायचा. ट्रॅफिकमध्ये गार आणि चढावर तापते त्या गाडीत हवा मुबलक आहे, रेडिएटर कमी पडतोय. तुमची गाडी सरळसरळ दुसऱ्या जातीची. तरी फॅनची व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर फॅनला पकडणारी) एकदा बघाच, फुकटात होतं. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा. फॅन लगेच थांबला पाहिजे. चार-पाच फेरे मोकळा फिरत राहिला तर क्लच गेली.

मग तेलकट साय. इथे दाब समजून घ्या. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याच्या कित्येक पट असतो. पाण्याची बाजू रेडिएटरच्या झाकणाच्या ०.९ बारपाशी थांबते, तेल त्याच्या चार-पाच पट. पोळ्याच्या आतल्या पत्र्याला भोक पडलं की गाडी चालताना तेल पाण्यात शिरतं. गाडी बंद केली की चित्र उलटतं: तेलाचा दाब शून्यावर येतो, गरम पाणी मात्र तासभर दाबाखाली राहतं, आणि थोडं पाणी तेलात उतरतं. म्हणून फुटलेल्या पोळ्याची पहिली खूण पाण्याच्या बाटलीत दिसते आणि नंतर तेलात. पाण्याची सील गेलेल्या इंजिनात असं होत नाही. तिथे पाणी थेट ज्वलनाच्या जागेत जातं. सकाळी चालू करताना एक रोटर अडखळतो, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

झाकणाखालच्या ताकाची काळजी सोडा. या गाडीची ऑइल भरायची नळी उंच आहे आणि इंजिनच्या उष्णतेपासून लांब. छोट्या फेऱ्यांत तेलातली वाफ वर चढते आणि त्या गार नळीत थिजते. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या हवेत तर हमखास. डिपस्टिक काढून बघा. तिच्यावरचं तेल स्वच्छ तपकिरी असेल तर वरचा फेस फडक्याने पुसा आणि विसरा. डिपस्टिकवरही कॉफीत दूध घातल्यासारखा रंग असेल तर मात्र गाडी चालू करू नका, टो करून न्या. दुधाळ तेलाने बेअरिंग किती पटकन जातात हे बघायची वेळ येऊ नये.

अजून एक शक्यता लोक विसरतात. आधीच्या मालकाने पोळं आधीच बदललं असेल आणि पाण्याची बाजू नीट धुतली नसेल, तर जुनं तेल वर्षभर वर येत राहतं. म्हणून बाटली धुऊन, पाणी बदलून, शंभर मैल चालवून पुन्हा बघा. नवी साय धरली तर गळती जिवंत आहे.

तपासणी करताना मी पाण्यापासून सुरू करतो. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा, चालू करा. सुरुवातीला हवेचे थोडे फुगे येतात ते सोडून द्या. नंतरही एकसारखे बुडबुडे, शॅम्पेनसारखे, येत राहिले तर सील संशयित. त्यानंतर हातपंपाने पाण्याच्या बाजूला ०.९ बारचा दाब देऊन रात्रभर ठेवा. सकाळी दाब उतरलेला असेल आणि बाहेर कुठे थेंब नसेल तर खालचे दोन्ही प्लग काढा आणि इंजिन हाताने फिरवा. प्लग किंवा भोक ओलं दिसलं तर पाणी इंजिनात जातंय, आणि मग कूलरची चर्चाच फिजूल, इंजिन उतरवावं लागेल. प्लग कोरडे असतील तर पोळं काढा. पाण्याची दोन्ही तोंडं उघडी ठेवा, तेलाचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून रेग्युलेटर लावून हवेचा दाब द्या, आणि बादलीत बुडवा. पाण्याच्या तोंडातून बुडबुडे येत राहिले तर पोळं फुटलंय. दोन-तीन बार पुरे. बारीक गळती थंड असताना दिसत नाही, म्हणून बादलीत कडकडीत पाणी घ्या. पंक्चर काढणाऱ्याची जुनी पद्धत आहे, पण फसवत नाही.

रेडिएटरसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. गरम इंजिनवर जाळीच्या आडव्या-उभ्या रेषांत मोजत जा. तापमान वरून खाली एकसारखं उतरायला हवं. मध्येच गार पट्टे लागले तर त्या नळ्या चोक आहेत. इतक्या जुन्या मूळ रेडिएटरला मी सहसा क्षमा करत नाही, नवा कोअर टाकतो किंवा अख्खा बदलतो. खालचा होजही दाबून बघा. आतून मऊ झालेला होज जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीने चपटा होतो, आणि उभ्या गाडीत तुम्हाला तो अगदी धडधाकट दिसतो.

एक विनंती. आपल्याकडची सवय इथे आणू नका. गाडी तापली की आमच्या उद्यमनगरात पहिला उपाय ठरलेला: वॉल काढून टाक. वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. या इंजिनात थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. थर्मोस्टॅट उघडला की ती चकती बायपासची वाट बंद करते. तो काढलात तर बायपास कायम उघडा, आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतो. मग चढावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते आणि माणूस चक्रावतो. खालची चकती नसलेला, फक्त मापाला बसणारा स्वस्त थर्मोस्टॅटही हेच करतो. ८२ अंशाला उघडणारा, चकतीवाला, माझदाच्या मापाचाच घ्या.

आता पोळं बदलून समोर कूलर लावायचा का? रेडिएटर आणि बाकी पाण्याची बाजू चोख असेल, पोळं शाबूत असेल आणि तुम्ही वर्षातून दोनदाच लॉस एंजलिसला जाणार असाल, तर नको. पोळं फुटलं असेल तर मात्र दुसरं जुनं पोळं शोधत बसू नका, समोरचा कूलर लावा. त्या जुन्या पोळ्याचं वयही तुमच्या पोळ्याइतकंच, ते उद्या फुटेल. समोरच्या कूलरने तेलाचं ओझं थेट हवेत जातं आणि रेडिएटर मोकळा श्वास घेतो. शिवाय तेल आणि पाणी यांची पुन्हा कधी गाठच पडत नाही. मला याचं मोल जास्त वाटतं.

कूलर कुठला? १९७९-८२ चा किंवा जीएसएल-एसई चा मूळ कूलर मिळाला तर उत्तम. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९८६ ते ९१ च्या आरएक्स-७ चा आकाराने मोठा आहे आणि लोक तो आवडीने लावतात. या मूळ कूलरांत थंड तेलाला आतूनच परत पाठवणारा बायपास असतो, म्हणून सकाळी तेल उगाच थिजत नाही. बाजारातला नुसता जाळीचा कूलर घेतलात तर वेगळा ऑइल थर्मोस्टॅट लावा. कायम गार राहिलेलं तेलही इंजिनला मानवत नाही.

भंगारातून कूलर घेताना विचारा की तो कुठल्या इंजिनवरचा. हे मी चटके खाऊन शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीला बाहेरून चकचकीत, एकही फिन न वाकलेला कूलर लावला. तो एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) फुटलेल्या इंजिनचा होता हे मला माहीत होतं. रॉकेल घालून तीनदा धुतला, पाणी स्वच्छ आलं. तीनशे मैलांत बेअरिंग खरवडली गेली. तेल कूलरमधून आधी फिल्टरला जातं म्हणून आपण निर्धास्त असतो, पण थंड तेलात फिल्टरचा बायपास उघडतो तेव्हा चुरा थेट पुढे जातो. इंजिन माझ्या खर्चाने उघडलं. तेव्हापासून फुटलेल्या इंजिनचा कूलर मी हातात घेत नाही, फुकट दिला तरी.

तुमच्या गाडीत पोळ्याच्या जागी अॅडॉप्टर प्लेट बसवून तिच्यातून दोन होज पुढे नेता येतात, इंजिनचं पुढचं कव्हर उघडावं लागत नाही. पोळ्याला येणाऱ्या पाण्याच्या तोंडांना नीट बूच मारा किंवा ती एकमेकांना जोडा. रबराची टोपी क्लिपने आवळून ठेवलेली मी पाहिली आहे, आणि ती हायवेवर उडालेलीही पाहिली आहे. होज दहा नंबरचे, ऑइलसाठी आणि त्या दाबासाठी बनवलेले. इंधनाचा किंवा हीटरचा होज इथे चालत नाही, थंड इंजिन रेस केलं की दाब उसळी मारतो. होज एक्झॉस्टपासून आणि स्टिअरिंगच्या हलत्या भागांपासून लांब न्या, पत्र्याच्या कडेवरून जातील तिथे रबरी बुशिंग घाला.

जुन्या कूलरवरचे नट सोडताना घाई करू नका. स्टीलचा नट अॅल्युमिनियमच्या मानेवर वर्षानुवर्षं बसून जाम झालेला असतो. एका पान्याने जोर लावलात की मान पिळवटून तुटते आणि कूलर भंगारात. आदल्या रात्री गंजतेल मारा, दुसऱ्या दिवशी हीटगनने शेक द्या, आणि कायम दोन पाने वापरा: एक नटला, दुसरा मानेच्या षटकोनाला उलटा धरून. बँजो बोल्ट (ज्यांच्या पोटातून तेल जातं ते पोकळ बोल्ट) असतील तर दोन्ही बाजूंचे वॉशर नवेच घाला. जुना वॉशर पहिले चार दिवस गळत नाही, पाचव्या दिवशी गळतो.

कूलर रबरावर बसवा आणि त्याच्या भोवती हवेला पळवाट ठेवू नका. हवा आळशी आहे, जाळीतून जाण्यापेक्षा बाजूने निसटायला बघते. पत्र्याची किंवा प्लास्टिकची पन्हळ करून बंपरमधून येणारी हवा जाळीवरच आणा, फटींना फोम लावा. पोटाखालचं प्लास्टिक आधीच्या मालकाने काढून टाकलं असेल तर शोधून परत लावा. ते धुळीसाठी दिलेलं नाही, हवा रेडिएटरमधून खेचली जावी म्हणून आहे.

तेल पाण्यात गेलेलं असेल तर पाण्याची बाजू धुणं हे कूलर बसवण्याइतकंच मोठं काम आहे. मी फेस न करणारी डिशवॉशरची पूड कोमट पाण्यात विरघळवून, थर्मोस्टॅट तेवढ्यापुरता काढून, इंजिन अर्धा तास चालवतो, काढतो, साध्या पाण्याने धुतो, आणि पाणी निवळ येईपर्यंत तीन-चार वेळा हेच. सगळे पाण्याचे होज बदला. तेल प्यायलेलं रबर फुगतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. शेवटी ५०-५० कूलंट, तेही डिस्टिल्ड पाण्यात. हीटर पूर्ण उघडा ठेवून, गाडीचं नाक चढाकडे, वर करून हवा काढा. रेडिएटरचं झाकणही नवं घ्या. ०.९ बार, त्याहून जास्त नको, चाळीस वर्षांच्या सिलींना जास्त दाबाची हौस नसते.

तेल भरल्यावर लगेच चावी मारून इंजिन चालू करू नका. कॉइलची जोडणी आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, दहा-दहा सेकंद स्टार्टर फिरवा, मध्ये स्टार्टरला दम द्या, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मग जोडणी लावून चालू करा, दोन मिनिटं संथ ठेवा, बंद करा आणि डिपस्टिक पुन्हा बघा. होज आणि कूलर भरल्यामुळे पातळी हमखास उतरलेली असते. मी इथल्या हवेला २०डब्ल्यू-५० खनिज तेल घालतो. आणि हे इंजिन सिली ओल्या ठेवायला तेल मुद्दाम जाळतं, त्यामुळे दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची सवय ठेवा. तेल कमी म्हणजे थंडावाही कमी.

डॅशबोर्डच्या काट्यावर मी भरवसा ठेवत नाही. पाण्याचा आणि तेलाचा असे दोन वेगळे, आकडे दाखवणारे गेज बसवा. तेलाचा सेन्सर अॅडॉप्टर प्लेटमध्येच बसेल अशी प्लेट घ्या. माझे स्वतःचे आकडे असे: पाणी ९५ अंशांवर गेलं की वेग कमी, १०५ वर गाडी बाजूला. तेल १०० पर्यंत ठीक, ११५ दिसलं की थांबायचं. थांबण्याआधी एसी बंद, हीटर पूर्ण जोरात, खिडक्या खाली. घामाने भिजाल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. बाजूला घेतल्यावर पाण्याचं तापमान अजून लाल पट्टीच्या काठावरच असेल तर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर संथ चालू द्या, पाणी फिरत राहतं. काटा लाल पट्टीत घुसलेला असेल किंवा वाफ दिसत असेल तर मात्र ताबडतोब बंद, आणि झाकणाला तासभर हात नाही.

डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल तर आधी बाटली धुवा आणि शंभर मैल चालवा. मग बादलीतल्या चाचणीत काय दिसलं ते आणि रेडिएटरच्या तापमानाचे आकडे मला कळवा, तोवर एकही पार्ट मागवू नका.